फुलांच्या दरीचं मावंदं

राग जुना झाला की आपोआप विरतो, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. गेल्या श्रावणातला माझा राग मात्र आहे तसाच आहे. सकाळी चहा टाकते, नवरा पेपर शोधत असतो, सगळं सुरळीत चाललेलं असतं, आणि मधेच तिचं ते वाक्य आठवतं. मग मी कप असा आपटते की नवरा विचारतो, "आज कोणावर?" त्याला माहीत असतं कोणावर.

ती म्हणजे माझी मैत्रीण. आम्ही दोघी अकोल्याच्या एकाच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागलो. ती मराठी शिकवायची, मी भूगोल. पुढे संस्थेनं तिची बदली अमरावतीला केली. सासर तिथलंच असल्यामुळे तिला बरंच झालं, मला मात्र स्टाफरूममधली खुर्ची बरेच दिवस रिकामी दिसत राहिली. तिचं सासर अमरावतीच्या जुन्या भागातलं, आधीच्या पिढ्या पौरोहित्य करणाऱ्या, आताचे वकील. माझं घर बौद्ध. आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या भिंतीवर बुद्ध आहेत आणि घरात देव्हारा नाही. हे दोघींनाही पहिल्या आठवड्यातच माहीत झालं होतं आणि त्यावरून आम्ही एकमेकींची भरपूर टर उडवलेली होती. ती आमच्याकडे आली की अंडाकरी मागायची. घरी मात्र सांगायची, "तिच्याकडे पिठलं-भाकर होती." मला त्याची गंमत वाटायची. आपल्याजवळ एवढं मोकळं होता येतं तिला, असं वाटून मी तिला आणखी एक अंडं वाढायची.

हिमालयाचं खूळ माझं. भूगोलाच्या शिक्षकानं सगळं जग पाहिलेलं असलं पाहिजे असं काही नाही. तसं असतं तर समुद्राच्या प्रवाहांवर बोलायला वऱ्हाडात कोणी उरलं नसतं. पण वली पर्वत शिकवताना मी टेबलावर फडकं पसरायची, दोन्ही हातांनी ते एकमेकांकडे ढकलायची, घड्या वर यायच्या आणि मी म्हणायची, हा हिमालय. वर्षानुवर्षं तेच फडकं. एकदा ती दारातून माझा तास ऐकत होती. तास सुटल्यावर म्हणाली, "तू असं सांगतं जसं काही तिथं राहून आली. पाह्यला काय वं खरंच?"

"नाई पाह्यला."

"मंग जाऊ आपण. मले बी फुलांची दरी पाह्यची हाये."

तिथून सुरू झालं. फुलांची दरी म्हणजे उत्तराखंडातलं राष्ट्रीय उद्यान, जोशीमठच्या पुढे, गोविंदघाटवरून चालत वर जायचं. शेजारीच नंदादेवीचं उद्यान. त्यात आत फारसं सोडत नाहीत, पण शिखर जोशीमठजवळच्या औलीवरून दिसतं, असं मी शोधून काढलं. दोन उद्यानं, एक शिखर आणि आम्ही दोघी. नवऱ्यांना न्यायचं नाही हे पहिल्याच दिवशी एकमतानं ठरलं. माझा नवरा तर सुटल्यासारखा हसला. डिसेंबरात अकोल्यात शाल पांघरून पंखा लावणारा माणूस आहे तो.

अडचण होती तारखेची. फुलं येतात जुलै-ऑगस्टमध्ये. आमच्या सुट्ट्या मे महिन्यात, तेव्हा दरी बर्फाखाली असते आणि उद्यान बंद. जुलैत अकरावीचे प्रवेश सुरू होतात आणि त्या दिवसांत रजा मागितली तर प्राचार्य असं पाहतात की आपल्यालाच स्वतःची लाज वाटावी. म्हणून ठरलं की निवृत्तीनंतर जायचं. ती माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त होणार होती. तेव्हा ती म्हणाली, आणि हे मला शब्द न् शब्द आठवतं, "मी थांबतो ना तुह्यासाठी. दरी काय पळून चालली?" बाईमाणूस असून ती माझ्याशी बोलताना 'थांबतो', 'जातो' असं बिनधास्त वऱ्हाडी बोलायची. घरी, वर्गात, सासरच्या माणसांत तिची भाषा एकदम इस्त्रीची. माझ्यापुरती ती इस्त्री मोडलेली असायची आणि मला ते फार आवडायचं.

जायला वेळ होता म्हणून आम्ही तयारीत कसूर केली नाही. चढायची सवय हवी म्हणून हिवाळ्यात नरनाळ्याला जायचो. मी अकोल्याहून, ती अमरावतीहून अंजनगावमार्गे, अकोटला भेटायचं आणि पुढे शहानूरपर्यंत मिळेल त्या गाडीनं. किल्ल्यावर गाडीरस्ता आहे, लोक गाडीनं जातात आणि आम्हा दोघी प्रौढ बायांना पाठीवर पिशव्या घेऊन चढताना पाहून थांबतात. एकानं विचारलं, "मॅडम, गाडी बंद पडली काय?" ती म्हणाली, "नाई, हिमालयाले चाललो." त्यानं आम्हाला हात जोडले आणि गाडी दामटली.

आमची सगळ्यात मूर्ख तयारी मे महिन्यातली. बर्फाळ हवेत घालायचे कपडे जड होतात का, त्यात चालता येतं का, हे पाहायला हवं असं माझ्या शास्त्रीय डोक्यात आलं. अकोल्यात मे महिन्यात दुपारी कुत्रीसुद्धा नालीत बसलेली असतात. आम्ही कूलर पूर्ण सोडला, त्याच्यासमोर थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर रेनकोट चढवला आणि हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागलो. थोड्याच वेळात लाइन गेली. रेनकोटची चेन अडकली. ती लाल झाली, मी हसून हसून खाली बसले, आणि नवऱ्यानं येऊन दोघींच्या डोक्यावर माठातलं पाणी ओतलं. त्यानंतर कपड्यांचा प्रयोग आम्ही जानेवारीवर ढकलला.

मार्ग ठरवणं माझ्याकडे होतं. तिला वाचायचा कंटाळा. मराठीची शिक्षिका, पण सरळ सांगायची, "लिहून पाठवू नको, बोल. तू बोलली का मले दिसते." म्हणून मी संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर चक्कर मारताना फोनवर तिच्यासाठी बोलणं रेकॉर्ड करून पाठवायची. एकेका दिवसाचं एकेक. हरिद्वारला उतरल्यावर काय, जोशीमठला एक दिवस नुसतं थांबायचं ते का, गोविंदघाटवरून दरीखालच्या मुक्कामाला, घांगरियाला, पोहोचल्यावर त्याच दिवशी दरीत का जायचं नाही. "सकाळी उद्यानाचं गेट उघडलं की पहिल्या माणसांत आपण असू. दुपारी ढग खाली येतात आणि मग दोन हातांवरचं दिसत नाही. आत मुक्काम करता येत नाही, परत यावंच लागतं, त्यामुळे परतायचा वेळ आधी मोजायचा. घाई करायची नाही. दम लागला तर थांबायचं, लाजायचं नाही. पाणी पीत राहायचं." असं मी मन लावून सांगायची. पावसाळ्यात तिकडे दरडी कोसळतात म्हणून एक दिवस मोकळा ठेवला होता, तोही समजावून सांगितला होता. ती उलट पाठवायची, "मी पोचली बाप्पा घांगरियाले. पाय दुखून राह्यले."

बद्रीनाथचा प्रश्न सुरुवातीलाच निघाला होता. गोविंदघाटवरून ते रस्त्यानं जवळ आहे. ती जरा चाचरत म्हणाली की एवढं जवळ जाऊन दर्शन न घेता आले तर सासरचे लोक मला घरात घेणार नाहीत. मी म्हटलं, घे की. तू रांगेत उभी राहा, मी तेवढ्यात पुढे माणा गावापर्यंत चालत जाऊन येते, तिबेटच्या बाजूचं शेवटचं गाव आहे ते, मला पाहायचंच आहे. ती म्हणाली, "तुले राग नाई ना येणार?" मी म्हटलं, "मला कशाचा राग? मी तुझ्या चपला सांभाळणार नाही एवढंच." दोघी हसलो. बद्रीनाथ संपलं. माझ्या लेखी तो विषय कायमचा मिटला होता.

ती निवृत्त झाली. माझं एक वर्ष उरलं असताना, गेल्या जुलैत, तिचा फोन आला की मुलीकडे पुण्याला चालले आहे, नातीची तब्येत बरी नाही, काही दिवस बोलणं होणार नाही. तिची भाषा त्या फोनवर स्वच्छ पुस्तकी होती. 'मी तुला तिथून कळवीन हं,' असं म्हणाली. मला वाटलं शेजारी जावई असेल. मी नातीची काळजी करत राहिले. दोनदा मेसेज केला, कशी आहे म्हणून. एकदा उत्तर आलं, 'सुधारते आहे.' मीही बरं वाटलं म्हणून कळवलं.

मग श्रावणात तिच्या जावेचा फोन आला. जाऊ म्हणजे तिच्या दिराची बायको, एकाच घरात खालच्या मजल्यावर राहणारी. मोकळी, बोलकी बाई. माझी तिच्याशी वरवरची ओळख होती. म्हणाली, "मॅडम, रविवारी आमच्याकडे मावंदं आहे, तुम्ही यायचंच. तुमच्याशिवाय कसं होईल?"

यात्रा करून आलं की गंगापूजन करून जेवण घालतात ते मावंदं. मी विचारलं, कोण जाऊन आलं?

"अहो आम्ही सगळेच. बद्रीनाथ केलं, तुमची ती फुलांची दरी केली. वहिनींनी नाही सांगितलं? तुम्हाला रजा मिळाली नाही म्हणून फार हळहळत होत्या हो. रोज म्हणायच्या, ती हवी होती."

मी स्वयंपाकघरात उभी होते. समोर कुकर होता, शिट्ट्या देत होता, आणि मी तो बंद केला नाही. जाऊबाई बोलत राहिल्या. दोन्ही भाऊ, दोन्ही जावा, त्या भावांची बहीण आणि तिचा नवरा. मोठी गाडी हरिद्वारलाच ठरवली. जोशीमठला एक दिवस थांबले. गेट उघडायच्या आधी रांगेत उभे राहिले. दरड कोसळली तेव्हा एक दिवस हाताशी होता म्हणून काही बिघडलं नाही.

तो हाताशी ठेवलेला दिवस माझा होता. मी मैदानावर चालत चालत तो त्या प्रवासात घातला होता.

नवरा म्हणाला, जाऊ नको. मी म्हटलं, जाणार. फोनवर विचारलं असतं तर ती पुन्हा पुस्तकी मराठीत काहीतरी सांगून मोकळी झाली असती. मला तिचं तोंड पाहून विचारायचं होतं. नातीचं खोटं मला सगळ्यात जास्त लागलं होतं. दरीत जायचं होतं तर जा, पण मला आठवडाभर एका धडधाकट पोरीच्या तब्येतीची काळजी करायला लावली तिनं. मी पहिल्या एसटीनं निघाले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. वर्गात मला कधी वाक्यं जुळवावी लागली नाहीत.

घर माणसांनी भरलेलं होतं. पुरणाचा वास होता, बाहेर चपलांचा ढीग. तिचे यजमान, वकीलसाहेब, दारातच भेटले, "या या, आमच्या गाइड आल्या," असं म्हणाले आणि चार लोक वळून पाहायला लागले. मला काही कळलं नाही. जाऊबाई धावत आल्या, माझा हात धरून मला आत बसवलं आणि शेजारच्या बायकांना सांगायला लागल्या.

"याच त्या मॅडम. रोज सकाळी गाडीत बसलो की वहिनी फोन लावून द्यायच्या आणि यांचा आवाज यायचा. आज काय करायचं, कुठं थांबायचं, सगळं. आमचे हे कोणाचं ऐकत नाहीत, पण यांनी 'पाणी पीत राहायचं' म्हटलं की मुकाट्यानं बाटली काढायचे. ड्रायव्हरसुद्धा म्हणायचा, दीदी क्या बोलती है आज?"

बायका कौतुकानं हसल्या. एकीनं मला विचारलं की मी हे टूरचं काम किती वर्षं करते.

मला वाटतं तिथं मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. मी तेव्हा त्या गाडीचा विचार करत होते. सहा माणसं बसलेली आहेत, काचेबाहेर अलकनंदा आहे, आणि मधे माझा आवाज म्हणतो आहे, "घाई करायची नाही. दम लागला तर थांबायचं, लाजायचं नाही." मी ते एका माणसासाठी म्हटलं होतं. तिला चढावर दम लागतो आणि ती लाजून सांगत नाही, हे मला नरनाळ्यावर कळलं होतं, म्हणून म्हटलं होतं. माझ्या आवाजाला गाडीत जागा होती. मला नव्हती.

ती मागच्या खोलीत होती, गंगापूजनासाठी नऊवारी नेसत होती. मी गेले तेव्हा एकटीच होती, निऱ्या खोचत होती. मला पाहून तिचे हात थांबले.

"तू आली," ती म्हणाली.

"नात कशी आहे?"

तिनं सुटलेली निरी पुन्हा खोचली. मग पटापट बोलायला लागली. आधी काही ठरलं नव्हतं, दिरांनी एकदम बेत काढला, गाडीची सोय झाली, ह्यांनी होकार देऊन टाकला, सगळं इतकं घाईत झालं की सांगायला वेळच मिळाला नाही. आणि तुला तर जुलैमध्ये रजा मिळत नाहीच. भाषा सगळी इस्त्रीची.

"विचारलं होतंस मला, रजा मिळते का?"

"नाही."

"का नाही?"

तिनं निऱ्यांकडे पाहिलं. "विचारलं असतं तर तू आली असतीस," ती म्हणाली.

हे ते वाक्य. अजून चहा करताना येतं ते हेच.  आणि ते खरं होतं. प्राचार्यांना काय वाटेल ते वाटो, बिनपगारी रजा टाकून मी गेले असते. तिला ते माहीत होतं म्हणूनच तिनं विचारलं नव्हतं.

मग तिची इस्त्री मोडली. माझी समजूत घालताना ती 'मी तुझीच' असा जो आवाज काढायची, तो काढून म्हणाली, "अवं, तू समजून घे. सासरची माणसं होती संग. रोज सकाळी पूजा, सोवळं-ओवळं, एकाच खोलीत सगळ्या बाया, एकाच डब्यातलं खाणं. वन्सं तर लयच कडक हायेत. तुले अवघड झालं असतं."

"मले का तुले?"

 बाहेरून कोणीतरी हाक मारली, गुरुजी वाट पाहून राह्यले म्हणून. ती जाता जाता माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण दोघी जाऊ. मी तुले सगळं दाखवतो. मले आता सगळं माहीत हाये."

मला सगळं दाखवणारी नको होती. मला बरोबर पाहणारी हवी होती. दरीचं गेट उघडल्यावर दोघींनी एकदम पहिल्यांदा आत पाय ठेवायचा, एवढाच त्या सगळ्या तयारीचा अर्थ होता, आणि तो तिनं नणंदेबरोबर खर्च करून टाकला होता. हे मी तिला तेव्हा बोलले नाही. ती गेली होती.

तेव्हाच निघायला हवं होतं. पण बाहेर पडायचा रस्ता हॉलमधून होता आणि हॉलमध्ये पूजा सुरू झाली होती, म्हणून मी भिंतीशी टेकून उभी राहिले. कलशातल्या गंगाजलाची पूजा झाली, आरती झाली. मग यात्रेहून आलेल्यांना पाटांवर ओळीनं बसवलं. आमच्या भागात मावंद्याला अशांच्या पाया पडतात. जे जाऊ शकले नाहीत त्यांनाही थोडं पुण्य लागतं असं मानतात. नातेवाईक, शेजारी, सुना, सगळे ओळीनं वाकत होते. ती नऊवारीत बसली होती, पाय पुढे घेतलेले, पायांवर कुंकू वाहिलेलं. लोक वाकले की ती लाजून हसत होती. माझ्यापेक्षा ती दोन वर्षांनी मोठी. एरवी मी तिच्या पाया पडायला काहीच हरकत नव्हती.

जाऊबाईंना मी दिसले. त्यांनी प्रेमानंच मला पुढे ओढलं. "या ना मॅडम, तुम्ही कशा मागे? तुमच्यामुळं तर यात्रा झाली. वहिनींच्या पाया पडा, म्हणजे तुमचीही झाली."

मी ओढली गेले आणि तिच्या पाटासमोर येऊन उभी राहिले. वाकले नाही. मागची रांग थांबली. ती माझ्याकडे पाहत होती. मी वाकणार नाही हे तिला कळलं होतं, आणि का वाकणार नाही हेही कळलं होतं. त्या घरात ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मला वाटलं, निदान आता ती मान खाली घालेल. तेवढं केलं असतं तरी मी कदाचित गुपचूप बाजूला झाले असते.

तिनं मान वर केली आणि जावेला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा, मृदू, समजूतदार आवाजात, "अहो, तिला आग्रह करू नका. त्यांच्यात चालत नाही."

"हो का, हो का," जाऊबाई ओशाळून म्हणाल्या. "सॉरी हं मॅडम." आजूबाजूच्या माना समजुतीनं हलल्या. एका म्हाताऱ्या बाईंनी मला जायला वाट करून दिली. वकीलसाहेब म्हणाले, "बरोबर आहे, ज्याचं त्याचं." सगळं एका झटक्यात नीट लागलं. मी रागावलेली मैत्रीण उरलेच नाही. मी 'त्यांच्यातली' झाले. तिनं दरीतलं माझं पहिलं पाऊल आधीच घेतलं होतं. आता माझा रागही घेतला आणि तो माझ्या जातीच्या नावावर टाकून दिला, आणि वर मलाच सांभाळून घेतल्यासारखं केलं.

मी सहसा चारचौघांत वऱ्हाडी बोलत नाही. शिक्षकाची सवय आहे. त्या दिवशी दुसरी भाषा सुचली नाही.

"आमच्यात चालते," मी म्हटलं. "मी आजबी माह्या आईच्या पाया पडतो. मोठ्या जावेच्या पडतो. आमच्यात सगळं चालते. तुह्या नाई पडत."

 स्वयंपाकघरात कढीला फोडणी पडली तेवढा आवाज आला. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं पुढे घेतलेले ते कुंकू लावलेले पाय हळूहळू मागे ओढले आणि नऊवारीच्या काठाखाली झाकून घेतले.

मी ढिगातून माझ्या चपला शोधल्या आणि जेवायला न थांबता निघाले.